गोमाला खोटं चालत नाही

मला ऐकू येत नाही ही बातमी आमच्या इमारतीत सगळ्यांत शेवटी मला कळली.

माझ्या आधी ती माझ्या बायकोला, रेखाला, ठाऊक होती. आमच्या मुलीला, अक्षयाला, ठाऊक होती. इमारतीचे व्यवस्थापक ओकुमुरा-सान खालच्या खिडकीत बसतात, त्यांनाही ठाऊक होती. ते मला रोज सकाळी आज कुठला कचरा ते सांगत आणि मी "हो, छान हवा आहे" म्हणत प्लास्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या घेऊन उतरत असे. पार्सलवाला तर 'आपण घरी नव्हतात' ही चिठ्ठी गाडीतच भरून आणायचा आणि बेल उपचारापुरती दाबायचा.

त्या चिठ्ठ्यांनीच घात केला. २०१४ च्या नोव्हेंबरात सासूबाईंनी पुण्याहून मेतकूट, गोडा मसाला आणि अक्षयासाठी विणलेला स्वेटर असा खोका पाठवला. नागोयातल्या आमच्या दारापर्यंत तो तीनदा आला, तीनदा मागे गेला आणि मुदत संपल्यावर परत सासूबाईंच्याच दारात जाऊन उतरला. तिन्ही वेळा मी घरात होतो. दारापासून चार पावलांवर, सोफ्यावर, पेपर वाचत. रेखाने तीन चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

"तू कुठे होतास?"

"घरी."

"मग हे काय आहे?"

"जपानी माणूस फार हळू बेल वाजवतो," मी म्हणालो.

हे मी मनापासून म्हणालो होतो. गेली दोन-तीन वर्षं जग पुटपुटायला लागलं आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कानाची यंत्रं माझ्याकडे होती, नाही असं नाही. ती शर्टाच्या खिशात असत. त्यात माझा व्यवसाय असा की संशयाला जागाच नव्हती. गाड्यांचे ब्रेक दाबल्यावर जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो कमी करणं हे आमच्या विभागाचं काम. त्या दोन वर्षांत मला सगळेच ब्रेक उत्तम वाटत होते आणि आपल्या कामाचा मला अभिमान वाटू लागला होता.

ऑफिसात निभावून नेणं अवघड नव्हतं. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', आणि 'हाय' म्हणजे 'ऐकतोय', आणि 'हाय' म्हणजे नुसतंच 'हं'. मीटिंगमध्ये समोरच्याचे ओठ थांबले की मी मान लववून 'हाय' म्हणे. माझं आडनाव घळसासी. त्यातला 'ळ' जपानात मिळत नाही म्हणून तिथे मी 'गारु-सान' झालो होतो. गारु-सान हा फार सहकार्यशील माणूस आहे असं माझ्याबद्दल सर्वत्र बोललं जाई. म्हणजे, जात असावं.

घरात मात्र 'हाय'वर भागत नव्हतं. अक्षया तेव्हा तेरा वर्षांची होती. नर्सरीपासून इथेच वाढलेली, त्यामुळे आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं अशी पद्धत. तिसऱ्यांदा "काय?" विचारलं की ती "मोऽ ई" म्हणायची. मोऽ ई म्हणजे जाऊ दे आता. मग ती दुसऱ्याच वेळी मोऽ ई म्हणू लागली. मग पहिल्याच. आणि मग मला काही सांगायला येणंच बंद झालं. मोठी होतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खोका परत गेल्याची बातमी मराठी मंडळात पसरली आणि सल्ले सुरू झाले. भानुदास हा मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीचा इथला प्रमुख. आयात-निर्यात सोडून बाकी सगळ्या विषयांत त्याचा अधिकार मोठा. त्याने आधी लसणीचं तेल सांगितलं, मग एक विशिष्ट प्राणायाम, आणि शेवटी एक दिवा स्वतः घेऊन आला. बेल वाजली की हा दिवा उघडमीट करतो. आम्ही तो बसवला. पण आपल्याकडे बघणाऱ्यालाच तो दिसतो हे दिव्याचं मूळ दुखणं आहे. मी पेपरात असे. वरच्या मजल्यावरच्या कसल्याशा यंत्रामुळे तो बेल नसतानाही लागायचा. संध्याकाळी आमची बैठकीची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसू लागली तेव्हा रेखाने दिवा काढून भानुदासला साभार परत केला.

त्या आठवड्यात एका सकाळी चहाच्या कपाखाली एक छापील पत्रक होतं. अक्षयाच्या शाळेत एका संस्थेची माणसं येऊन गेली होती. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी शिकवलेला कुत्रा, जपानीत 'चोदोकेन'. बेल, गजर, किटली, धोक्याचा भोंगा, कुणी मारलेली हाक, काहीही वाजलं की तो पंजाने स्पर्श करून माणसाला आवाजापाशी घेऊन जातो. पत्रक ठेवून अक्षया शाळेत गेली होती. बोलली काहीच नव्हती.

आता माझा आणि कुत्र्यांचा पूर्वपरिचय सांगायला हवा. मी कर्वे रोडवर अकरा वर्षं स्कूटर चालवलेली आहे. दोन्ही पाय वर उचलून, मागे भुंकणारी कुत्री घेऊन मी कितीतरी वेळा घरी पोचलो आहे.

"मला कुत्रा नको," मी म्हणालो.

"तुला विचारलंय कुणी?" रेखा म्हणाली. "तुझा फोटो हवाय फक्त. अर्जाला."

अर्जाच्याही आधी अपंगत्वाची नोंद असलेली सरकारी पुस्तिका लागते, आणि पुस्तिकेसाठी कानांची तपासणी. काचेच्या बंद खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. परीक्षा म्हटली की मला नापास होता येत नाही. समोरच्या काचेत तपासणाऱ्या बाईंच्या खांद्याचं प्रतिबिंब दिसत होतं. त्यांनी कळ दाबली की खांदा किंचित हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबायचो. मी बाहेर आलो तेव्हा त्या बाई कागदाकडे आश्चर्याने बघत होत्या. त्यांच्या हिशेबाने मला वटवाघळाइतकं ऐकू येत होतं.

"यांना त्या भिंतीकडे तोंड करून बसवा," रेखा दारातून म्हणाली. दुसऱ्या खेपेला मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बराच वेळ शांतता होती. तपासणी अजून सुरू झाली नसावी असं मला वाटत राहिलं. मग बाईंनी दार उघडलं आणि तपासणी संपल्याचं खुणेने सांगितलं. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला, यंत्रांच्या शेजारी. घरी येईपर्यंत रेखा काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

वॉर्ड ऑफिसात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा फोटोत माझा कान दिसत नव्हता. कान दिसण्याची अट नव्हती, पण विभाग कानाचा असल्याने तिथले तरुण गृहस्थ जरा साशंक होते. दुसऱ्यांदा माझं नाव चौकटीत मावेना. सत्यजित घळसासी हे जपानी अक्षरांत लिहिलं की मालगाडीसारखं लांबतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मालगाडीचा शेवटचा डबा कापला आणि पुस्तिका दिली. त्या पुस्तिकेनुसार मी 'घळसा' आहे.

मग संस्थेकडे अर्ज, आमच्या घराची पाहणी, आणि रोज किती चालता, रागावल्यावर काय करता असे प्रश्न. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रेखाने लिहिलं आणि मला वाचू दिलं नाही. मे महिन्यात बोलावणं आलं.

तोवर माझ्या मनाची बरीच तयारी झाली होती. कुत्रा घ्यायचाच तर तो रुबाबदार असावा असं मी ठरवलं होतं. सोनेरी, उंच, गंभीर चेहऱ्याचा. त्याच्याबरोबर चालताना मीही जरा कुणीतरी दिसेन असा. संस्थेच्या हॉलमध्ये त्सुचिया-सान नावाच्या प्रशिक्षिका आल्या. तिशीतल्या, गळ्यात लिहायची पांढरी पाटी अडकवलेली. त्यांच्यामागून एक नऊ किलोचं, करड्या रंगाचं, काळे ठिपके असलेलं काहीतरी आलं. एक कान उभा, एक पडलेला. ते आलं, माझ्या बुटाचा वास घेतला, आणि बसलं.

"ही गोमा," त्सुचिया-साननी पाटीवर लिहिलं. गोमा म्हणजे तीळ.

गोमा कुठल्याच जातीची नव्हती. २०११ च्या भूकंपानंतर ईशान्येकडच्या एका बंदराच्या गावात कुणाला तरी हे पिल्लू सापडलं. मालक कोण होता ते कळलं नाही. निवाऱ्यातून ती संस्थेत आली.

"मोठा कुत्रा नाही का?" मी अदबीने विचारलं.

"आहे. पण तो समजूतदार आहे. माणसाने लक्ष दिलं नाही तर तो गप्प बसतो." त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "गोमा गप्प बसत नाही. तुमच्यासाठी हीच बरी."

रेखाने पाटी वाचली आणि त्सुचिया-सानना वाकून नमस्कार केला. इतका खोल नमस्कार तिने नऊ वर्षांत कुठल्याच जपानी माणसाला केला नव्हता.

इमारतीत पाळीव प्राणी ठेवायला बंदी होती. गोमा पाळीव प्राणी नाही, कायद्याने मान्य केलेली मदतनीस आहे, हे ओकुमुरा-साननी स्वतः कायदा वाचून मला सांगितलं. मी त्यांना सांगायला गेलो होतो. तरीही रहिवाशांची सभा झाली. एका आजोबांनी विचारलं, ती भुंकली तर? त्सुचिया-सान म्हणाल्या, ती भुंकत नाही, हात लावते. मग दुसऱ्यांनी विचारलं, हात कुणाला लावते? तासाभराने ठराव झाला की गोमाने लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभं राहावं आणि घळसासींनी कचऱ्याचे वार पाठ करावेत. दुसऱ्या कलमाचा कुत्र्याशी काय संबंध ते मला समजलं नाही, पण ते एकमताने मंजूर झालं.

घरातल्या प्रशिक्षणाला त्सुचिया-सान पहिल्यांदा आल्या तो दिवस आमच्याकडे अजून आठवतात. गोमाला जपानी घरातले सगळे आवाज ओळखता येत होते. भाताच्या विजेच्या भांड्याची टिंगटिंग, आंघोळीचं पाणी तापल्याची धून, सगळं. त्सुचिया-सान जमिनीवर बसून रेखाला काहीतरी समजावत होत्या. स्वयंपाकघरात वरणाचा कुकर चढवलेला होता. पहिली शिट्टी झाली. मला अर्थातच काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की त्सुचिया-सान एका क्षणात टेबलाखाली आहेत, दोन्ही हात डोक्यावर, आणि गोमाला त्यांनी कवेत ओढलंय.

रेखाने गॅस बंद केला, त्यांना पाणी दिलं, आणि कुकर म्हणजे काय ते वीस मिनिटं सांगितलं. टेबलाखालून बाहेर आल्यावर त्यांनी वही काढली आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "म्हणजे एक शिट्टी झाली की जायचं नाही?"

"नाही. वरणाला तीन. बटाट्याला दोन. राजम्याला सहा."

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. कुत्र्याला मोजायला शिकवता येणार नाही, असं त्यांनी खेदाने सांगितलं. गोमा प्रत्येक शिट्टीला कळवेल. मोजायचं काम घळसासी-साननी करावं. रेखाच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. "आता तुला कळतं," असं म्हणून तिने कुकर कायमचा माझ्याकडे दिला. तेव्हापासून राजमा म्हटलं की मी सोफ्यावरून सहा वेळा उठून ओट्यापर्यंत जातो.

रेखा आणि गोमा एकीकडे आणि मी दुसरीकडे अशी फूट पडायलाही वेळ लागला नाही. देवापाशी कुत्रा येणार नाही असं पहिल्या दिवशी बजावणारी रेखा आठव्या दिवशी गोमाला 'तिळू' म्हणू लागली. नाव बदलू नका, काही भरवू नका, असं त्सुचिया-साननी लिहून दिलं होतं. महिन्याच्या वजनात गोमा नऊ किलोवरून साडेदहावर गेली. रेखा म्हणाली, कान जड झालेत तिचे. शेवटी तूप-पोळी सापडली.

माझी अडचण मात्र वेगळी होती, आणि ती मला अडचण वाटतच नव्हती. पद्धत अशी: गोमाने पंजा लावला की मी "नानि?" म्हणायचं, म्हणजे 'काय?', आणि तिच्या मागे जायचं. पोचल्यावर शाबासकी द्यायची. आता चारचौघांत एका कुत्र्याला 'काय?' विचारणं मला अवघड वाटे. माणसांना विचारणं मी सोडलं होतं, तिथे कुत्र्याचं काय. तिचा पंजा गुडघ्याला लागला की मी सहज उठल्यासारखा उठे, जणू काही मला पाणी प्यायचंच होतं. आणि वाटेत चोरून बघून घेई, बेल की फोन की कुकर. "ऐकलं मी," असंही म्हणे. गोमा माझ्याकडे बघत राही. शाबासकी राहून जाई.

ऑफिसात तिला न्यायला लागलो त्या आठवड्यात तर फारच झालं. आमचे विभागप्रमुख हायाशि-सान बोलत होते. त्यांच्या खिशातल्या फोनचा गजर आणि गोमा शिकलेला गजर एकच निघाला. तिने माझा गुडघा खाजवला. मी दुर्लक्ष केलं. तिने परत खाजवला. मग ती उठली, टेबलाखालून गेली आणि हायाशि-सानच्या मांडीवर पंजा ठेवून माझ्याकडे बघत राहिली. चौदा माणसं माझ्याकडे बघू लागली. "हाय," मी म्हणालो.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. कुत्र्याची आणि माणसाची जोडीने असते. आम्ही नापास झालो.

परीक्षक खाली वाकले. जपानात अशा वेळी फक्त फार वाकतात. त्सुचिया-सान मला बाहेर बाकावर घेऊन बसल्या आणि पाटीवर लिहू लागल्या.

"गोमाने आज सात वेळा सांगितलं. सातही वेळा बरोबर."

"मग?"

"सातही वेळा तुम्ही दाखवलंत की तुम्हाला आधीच माहीत होतं."

त्यांनी पाटी पुसली आणि पुढे लिहिलं.

"तिला वाटतं, या माणसाला गरज नाही. गोमा हट्टी आहे म्हणून अजून सांगते आहे. पण तीही थांबेल. थांबली तर तिला मी दुसऱ्या कुणाकडे देईन. यादीत लोक आहेत."

घरी येताना गोमा नेहमीसारखी माझ्या डाव्या पायाशी चालत होती. रेखाला मी पाटीवरचं सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ती बोटातली अंगठी फिरवत होती.

"मी पण किती वेळा सांगायची," ती म्हणाली. "मग म्हटलं, त्याला ऐकलंसं दाखवायचं असतं, दाखवू दे." तिने माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं, म्हणून शब्दन् शब्द कळला. "अक्षया गेल्या वर्षी पायऱ्यांवरून पडली ना, तेव्हा ती तुला आधी हाका मारत होती. तू गॅलरीत होतास. मग तिने मला फोन केला. मी ऑफिसातून आले."

हे मला माहीत नव्हतं. तिचा पाय मुरगळला होता एवढंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रं खिशातून काढून कानात घातली आणि सरावाला बसलो. सराव एकाच वाक्याचा: मिमि गा किकोएमासेन. मला ऐकू येत नाही. वाक्य सोपं आहे. मला नऊ वर्षांत याहून कितीतरी अवघड वाक्यं जपानीत बोलता येऊ लागली होती. आरशासमोर ते जमलं. ओकुमुरा-सानना म्हणून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "माहीत आहे." त्यांनी खण उघडला तर माझ्यासाठी कचऱ्याचे वार त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेले होते; द्यायचे कसे, मला वाईट वाटेल का, या विचारात तो कागद खणात पडून होता.

ऑफिसात ते वाक्य मी सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणालो. हायाशि-सानचे ओठ थांबले, आणि 'हाय'च्या जागी मी ते म्हणालो. खोलीत एकदम सगळे हलायचे थांबले. मग हायाशि-सान माझ्याजवळ येऊन बसले, वही पुढे ओढली आणि लिहू लागले. गेल्या वर्षभरात मी कशाकशाला 'हाय' म्हणालो होतो ते त्यातून बाहेर आलं. वर्षअखेरच्या पार्टीत नाचणाऱ्यांचं नेतृत्व मी पत्करलं होतं. शनिवारी पहाटे नदीकाठ साफ करणाऱ्या गटाचा मी सदस्य होतो आणि एकदाही गेलो नव्हतो. लोक ते पोटात घालत होते. दोन नव्या मुलांना मी घरी कढीभात खायला बोलावलं होतं. आणि येत्या जानेवारीत बर्फावरच्या ब्रेकच्या चाचण्यांसाठी होक्काइदोला दोन महिने जायला मी आनंदाने तयार होतो.

"आम्हाला वाटलं, गारु-सान फार उत्साही आहेत," त्यांनी लिहिलं.

होक्काइदो रद्द झालं. नाच आणि कढीभात राहिले.

गोमाशी माझं जमायला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा मी तिला नीट "नानि?" विचारलं तेव्हा तिने मान तिरकी केली आणि जागेवरून हलली नाही. पुन्हा विचारलं. मग ती अशी धावली की मला मागे पळावं लागलं. भाताचं भांडं वाजत होतं. मी जमिनीवर बसून तिची पाठ थोपटली. तिने शेपटी हलवली नाही. अजून एकदा खात्री करून घ्यावी तशी माझ्याकडे पाहिलं.

नोव्हेंबरात दुसरी परीक्षा ठरली. रेखाला सुट्टी मिळाली नाही. "मी येते," अक्षया म्हणाली. शनिवार होता.

मॉलमधल्या खाण्याच्या जागेत शेवटची चाचणी होती. मी ट्रे घेऊन टेबलाशी बसलो, गोमा टेबलाखाली. मागून किल्ल्या पाडल्या गेल्या, पंजा. नानि? किल्ल्या. कुठेतरी गजर, पंजा. नानि? पलीकडचं टेबल. मला घाम फुटला होता, पण चाललं होतं. मग एक परीक्षक सर्वसामान्य गिऱ्हाइकासारखे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलू लागले. त्यांना सर्दी झालेली असावी किंवा तो परीक्षेचाच भाग असावा, त्यांच्या तोंडावर मास्क होता. ओठ नव्हते. खांदा नव्हता. काच नव्हती. दोन डोळे होते आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. माझी मान आपोआप लवू लागली. 'हाय'मधला 'हा' तोंडात आला होता.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब नूडल्स खात होतं. अक्षया खांबापाशी उभी होती.

"मिमि गा किकोएमासेन," मी म्हणालो. मला माझा आवाज किती मोठा येतो ते समजत नाही. सगळ्या टेबलांवरच्या चॉपस्टिक्स थांबल्या त्यावरून अंदाज आला. "कृपा करून लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. 'ही खुर्ची रिकामी आहे का?' एवढंच होतं.

निकाल अर्ध्या तासात मिळाला. त्सुचिया-साननी पाटीवर काही लिहिलं नाही. त्यांनी गोमाचं 'प्रशिक्षण सुरू' असं लिहिलेलं जाकीट काढलं आणि नवं, नारिंगी जाकीट तिच्या पाठीवर चढवलं. मग त्या खाली बसल्या आणि गोमाच्या उभ्या कानात काहीतरी बोलल्या. ते मी विचारलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

परतीला आम्ही मेइजो लाइनची मेट्रो पकडली. दुपार होती, डबा रिकामाच होता. गोमा माझ्या बुटांवर हनुवटी टेकून झोपली. अक्षया शेजारी बसायच्याऐवजी समोरच्या बाकावर बसली, म्हणजे मला तिचं तोंड दिसेल. हे तिने कधी शिकून घेतलं कोण जाणे.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "मी ट्रॉम्बोन वाजवते."

"ऐकू आलं नाही."

"ट्रॉम्बोन. शाळेच्या बँडमध्ये."

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"सराव कुठे करतेस?"

"घरी. तुझ्या मागच्या खोलीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पुढे बोळा घालून. गोमाला आवडत नाही. पण ती येऊन बसते."

आठ महिने माझ्या पाठीमागे, एका भिंतीपलीकडे, माझी मुलगी ट्रॉम्बोन वाजवत होती. ती एवढी मोठी काळी पेटी घेऊन शाळेत जाते ते मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, बास्केटबॉल. बास्केटबॉलला पेटी कशाला लागते हे मला विचारावंसं वाटलं नाही, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

"पुढे सांग," मी म्हणालो.

तिने सांगितलं. बँडमध्ये एक मुलगी तिच्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते फार गुंतागुंतीचं होतं आणि त्यातले अर्धे शब्द जपानी होते. "ऐकू आलं नाही," मी म्हणायचो. ती परत सांगायची. गाडी बोगद्यात खडखडली की ती थांबायची, फोनवर लिहायची आणि फोन माझ्यासमोर धरायची. मग परत बोलायची. मी किती वेळा "ऐकू आलं नाही" म्हणालो ते मोजलं नाही. शिट्ट्या मोजायची माझी सवय त्या दिवशी बंद होती.

मग कामावरून घरी पोचलेल्या रेखाचा मेसेज आला. कुठे आहात, जेवण गार होतंय. मी मान वर करून स्टेशन पाहिलं आणि दचकलो. आमचं यागोतो नुकतंच मागे पडलं होतं. ही गाडी शहराला गोल वळसा घालते. आता तिला पुन्हा यागोतोला यायला पाऊण तास लागणार होता. घोषणा मला ऐकू येत नाहीत, गोमाला स्टेशनांची नावं शिकवलेली नाहीत, आणि आमच्यातल्या ऐकू येणाऱ्या एकटीचं तोंड चालू होतं.

पाऊण तासाने यागोतो आलं. दारं उघडली. गोमाने एक डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली.

"बाबा, माझं अजून संपलं नाहीये," अक्षया म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली. रेखाला कळवलं, तू जेवून घे. दारं बंद झाली.